पोन्नी नगरची मोजणी

“दोनशे चौदा?” विद्युलताने विचारलं. “शेषाद्रीराव, पोन्नी नगरच्या थांब्यावर सकाळच्या दोन तासांत रस्ता ओलांडणारी माणसं फक्त दोनशे चौदा?”

शेषाद्रीने चष्मा कपाळावर चढवला. एग्मोरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात अहवाल लिहायचं काम गेली अठरा वर्षं त्याच्याकडे होतं. तंजावरकडचा माणूस, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण तिच्यात तमिळ इतकी मुरलेली की विद्युलताला सुरुवातीची दोन वर्षं त्याचं अर्धंच बोलणं कळायचं.

“तसंच आलं आहे कीं, अक्का.”

“आलं म्हणजे कुठून आलं? जुलैत मंगळवारी आणि बुधवारी आठ माणसं घेऊन मी स्वतः तिथे उभी होते. मंगळवारी अकराशे सेहेचाळीस, बुधवारी अकराशे एकोणीस. सगळे कागद तुमच्या टेबलावर ठेवले होते.”

“आमा, हो, ठेवले होते. नाहीं कोण म्हणतो?” तो दाराकडे बघत हळूच म्हणाला. “सर बोलले, कॅमेऱ्याचा आकडा घ्या. मी घेतला.”

विद्युलता नाफडे या कंपनीत बावीस वर्षं रस्त्यावर उभी राहत आली होती. कुठल्याही रस्त्याचा अभ्यास निघाला, की तिथे किती बस, किती लॉऱ्या, किती दुचाक्या आणि किती माणसं जातात ते मोजून आणायचं काम तिचं. अकोल्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिला तमिळचा एक शब्द येत नव्हता. आकडे मात्र येत होते, आणि त्यांच्या जोरावरच तिला ही नोकरी मिळाली. ऊन, धूर, चौकातले पोलीस, सगळ्यांना पुरून उरली. तिचा मोजलेला आकडा चुकला असं ऑफिसात कुणी कधी म्हटलं नव्हतं.

हा अभ्यास पेरुंगुडीपासून सिरुसेरीपर्यंतच्या पट्ट्याचा होता. आयटी कंपन्यांच्या रस्त्यावरची वाहतूक न थांबता पळावी म्हणून मधला दुभाजक सलग करायचा, काही थांबे उचलायचे, अशी योजना. त्यात पोन्नी नगरचा थांबा होता. शहरातून उठवून दक्षिणेला लांब नेऊन वसवलेल्या वस्त्यांमधून रोज सकाळी बसगाड्या भरून बायका तिथे उतरायच्या आणि सहा पदरी रस्ता ओलांडून पलीकडच्या उंच इमारतींत झाडूपोछा, स्वयंपाक, मुलं सांभाळायला जायच्या.

ती सरळ वादिराजच्या केबिनमध्ये गेली. कंपनी त्याची. माणूस आवाज न चढवणारा, समोरच्याला आधी खुर्चीवर बसवणारा.

“बसा, मॅडम. कॅमेरा चुकत नाही. माणूस दमतो, चुकतो.”

“कॅमेरा खांबावर आहे, सर. थांब्यावर बस उभी राहिली की बसच्या आडून निघालेल्या बायका त्याला दिसतच नाहीत. सॉफ्टवेअर गाड्या मोजतं. म्हणूनच तर तुम्ही हाताने मोजायला मला पाठवलंत.”

वादिराजने समोरची फाइल बाजूला सारली. मग म्हणाला, “तुमचा आकडा धरला तर नियमाप्रमाणे तिथे सिग्नल द्यावा लागतो. सिग्नल दिला की वेग पडतो. वेग पडला तर हा प्रकल्प कशासाठी, असं रस्ते खात्याचे लोक विचारतील. आपल्याला अजून पाच अभ्यास मिळायचे आहेत.”

“मग मी यावर सही करणार नाही.”

“अहवाल परवाच गेला,” तो म्हणाला. “आता काळजी करू नका.”

ती बाहेर आली. शेषाद्रीच्या टेबलावरचा अहवाल उचलून शेवटची पानं उलटली. ‘प्रत्यक्ष मोजणी तपासली’ या ओळीखाली तिची सही होती. सहीतल्या ‘ता’चा काना खाली वाकडा गेलेला. तीन वर्षांपूर्वी तिच्या अंगठ्याला पट्टी होती, तेव्हा एकाच अहवालावर अशी वाकडी सही झाली होती. तीच उचलून इथे चिकटवली होती.

“हे कुणी केलं?”

शेषाद्रीने मान वर केली नाही. “मला चिकटव म्हटलं, चिकटवली. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीं माझीं, अक्का. रागे भरूं नका.”

तिने अहवाल टेबलावर परत ठेवला. पर्स उचलून ती घरी निघून गेली.

अंबत्तूरच्या घरी अशोक टीव्हीवर बातम्या बघत होता. संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली होती. सगळं ऐकून तो म्हणाला, “नोटीस पाठव त्यांना. नाहीतर सोड. दुसरं काय करणार तू?”

“सोड काय? माझी सही आहे ती.”

“सह्या काय, आम्ही पण केल्या. न वाचता केल्या.”

“मी वाचून करत आले, अशोक. निदान तसं समजत तरी आले.”

अशोकने टीव्हीचा आवाज बंद केला.

मंगळवारी तिने रजा टाकली आणि सकाळी साडेसहाला पोन्नी नगरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. कंपनीचं कोणी नव्हतं. हातात स्वतःचं कागदाचं पॅड आणि पेन्सिल. एकटीला दोन्ही बाजू मोजता येत नाहीत, म्हणून तिने फक्त पश्चिमेकडे जाणाऱ्या बायका मोजायचं ठरवलं. बस येत होत्या, दार उघडायच्या आधी बायका पायऱ्यांवर उतरलेल्या असायच्या. डबा, प्लास्टिकची पिशवी, काखेत चप्पल. दुभाजकाच्या फटीशी घोळका जमायचा, गाड्यांमध्ये जरा जागा दिसली की सगळ्या एकदम निघायच्या. हॉर्न वाजायचे. एका गाडीतल्या माणसाने काच खाली करून शिवी दिली आणि काच वर केली.

साडेआठला गर्दी ओसरली. बेरीज आठशे बत्तीसवर गेली होती, तीही एकाच बाजूची.

“पुन्हा मोजताय का, अम्मा?” एका बाईने तमिळमध्ये विचारलं. पस्तिशीची असेल. नाव जननी, असं तिने पुढे सांगितलं. ती कामाला होती त्या घरची माणसं त्या दिवशी उशिरा उठणार होती, म्हणून तिला थोडा वेळ होता.

“पुन्हा म्हणजे? तू जुलैत बघितलंस मला?”

“जुलैत बघितलं. चार वर्षांपूर्वीपण बघितलं. तेव्हा तुमच्याकडे हिरवी छत्री होती.”

विद्युलताला छत्री आठवली. चार वर्षांपूर्वीचा तो अभ्यासही आठवला, बसमार्गांचा होता. ही बाई मात्र तिला अजिबात आठवली नाही.

“तेव्हा तुम्ही एवढं लिहून घेतलंत,” जननी म्हणाली, “मग त्याचं काय झालं?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गॅस कधी येणार असं विचारावं तसं तिने विचारलं होतं. विद्युलताला ते ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांत तिने आकडे नेऊन दिले होते आणि पुढच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती. मोजून झालेल्या रस्त्यावर काय झालं, हे बघायला ती एकदाही परत गेली नव्हती.

“माझी सासू गेल्या वर्षी इथेच पडली,” जननी पुढे म्हणाली. “दुचाकीने उडवलं. पाय नीट बसला नाही. तरी येते कामाला. आता हे बंद करणार म्हणतात, खरं का?”

“तसं लिहिलंय.”

“कुणी लिहिलं?”

विद्युलताने पॅड पर्समध्ये ठेवलं. “माझ्या नावाने लिहिलंय,” ती म्हणाली. “पण मी लिहिलेलं नाही.”

लोकांच्या हरकती ऐकायची बैठक पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला एग्मोरमधल्या एका हॉटेलात होती. सूचना इंग्रजी वर्तमानपत्रात आतल्या पानावर आली होती. ज्यांचा थांबा जाणार त्या बायका त्या वेळी कुणाच्या तरी घरची भांडी घासत असणार, हे ठरवणाऱ्याला माहीत नसेल असं विद्युलताला वाटेना. हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं होती. गृहसंकुलांचे पदाधिकारी, दोन कंपन्यांचे प्रतिनिधी, समोरच्या टेबलावर रस्ते खात्याचे अधिकारी. बदामाचं दूध फिरवलं जात होतं. वादिराज पडद्यावर चित्रं दाखवत होता आणि शेषाद्री बाजूला लॅपटॉपपाशी बसून एकेक पान पुढे सरकवत होता.

“पोन्नी नगरला पादचाऱ्यांची गरज नगण्य आहे,” वादिराज म्हणाला.

विद्युलता उभी राहिली. तिने समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

“हा आकडा खोटा आहे,” ती तमिळमध्ये म्हणाली. “तिथे मी मोजलंय. दोन तासांत अकराशे सेहेचाळीस माणसं. अहवालाच्या शेवटी सही आहे ती माझी आहे, पण ती मी केलेली नाही. जुन्या अहवालावरून काढून चिकटवली आहे.”

हॉलमध्ये कुजबूज झाली. वादिराज शांतपणे म्हणाला, “या आमच्या कंपनीच्या रस्त्यावर काम करणाऱ्या कर्मचारी आहेत. वाहतूक इंजिनिअर नाहीत.”

“नाही,” विद्युलता म्हणाली. “मी इंजिनिअर नाही. मी मोजते. तुमच्या सगळ्या अहवालांतले आकडे इतकी वर्षं मीच आणून दिले, तेव्हा तुम्हाला चालले. या बायका गाडीतून आल्या असत्या तर तुम्ही त्यांच्यासाठी पूल बांधला असता. चालत येतात म्हणून त्यांना कागदावरून पुसलंत.”

मधल्या खुर्चीवरचे अधिकारी म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडे पुरावा काय आहे?”

ती पर्समधून फोन काढायला वाकली. जुलैतल्या कागदांचे फोटो त्यात होते. ती शोधत असतानाच हॉलमधली कुजबूज थांबली. तिने वर बघितलं. पडद्यावर रस्त्याचं रंगीत चित्र नव्हतं. पिवळट कागद होता, तिच्या अक्षरातला; पाच-पाचच्या जुडग्यांत मारलेल्या रेघा, कोपऱ्यात घामाचा डाग, खाली तारीख. मग दुसरा कागद आला. मग तिसरा.

वादिराजने शेषाद्रीकडे बघून हाताने खूण केली. शेषाद्री लॅपटॉपकडेच बघत राहिला आणि कागद पुढे सरकवत राहिला. सगळे सोळा कागद झाले तेव्हाच तो थांबला.

“नोंद घ्या,” अधिकारी बाजूच्या माणसाला म्हणाले.

बाहेर जिन्यात शेषाद्री तिच्या मागून आला. कॉलर घामाने भिजली होती.

“तुमचं दोन वर्षांचं काय आता?” तिने विचारलं.

“परवा इल्ले, अक्का, काहीं हरकत नाहीं,” तो म्हणाला. “मी चिकटवली, मी काढली. घरीं जातों. बायको जेवायला थांबली असेल.”

दुसऱ्या दिवशी दोघांनाही कामावर येऊ नका असं कळवण्यात आलं. वादिराजने फोन केला नाही. एका क्लार्ककडून निरोप आला. विद्युलताने खात्याकडे सहीबद्दल लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. त्या तक्रारीचं उत्तर आलं नाही. अंतिम अहवाल अडीच महिन्यांनी निघाला. पोन्नी नगरचा थांबा राहिला होता. दुभाजक सलग होणार होता. सिग्नलबद्दल लिहिलं होतं, दुसऱ्या टप्प्यात विचार करावा. दुसरा टप्पा कधी, ते कुठेही नव्हतं.

अशोक म्हणाला, “थांबा वाचला, हे काय कमी आहे?”

“थांबा वाचला,” ती म्हणाली. “उतरायचं आणि तिथेच उभं राहायचं.”

पुढच्या सोमवारी ती पहाटेच निघाली. पोन्नी नगरला सिमेंटचे ठोकळे येऊन पडले होते. अजून एक फट राहिली होती, तिच्या दोन्ही बाजूंना लाल पट्टी बांधली होती. जननी सातच्या बसने उतरली. सोबत तिची सासू होती, डावा पाय ओढत चालणारी.

“झालं काय, ते सांगायला आले,” विद्युलता म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. थांबा, दुभाजक, दुसरा टप्पा. काही सोडलं नाही, गोड केलं नाही.

जननीने ऐकून घेतलं. एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा त्या ठोकळ्यांकडे.

“सरी, बरं,” ती म्हणाली. “आजवर कुणी परत येऊन सांगितलं नव्हतं.” मग तिने घड्याळ बघितलं. तिला पुढे जाऊन दूध तापवायचं होतं. “अम्मा, हिला पलीकडे आणाल? ही माझ्याएवढं पळू शकत नाही.”

ती घोळक्यातून पळत पलीकडे गेलीसुद्धा. म्हातारीने न विचारता विद्युलताचा दंड धरला. तिचा हात राखेने आणि साबणाने खरखरीत झालेला होता आणि पकड घट्ट होती. कंपन्यांच्या काळ्या काचांच्या बस एकामागून एक गेल्या, मग मोटारी, मग पुन्हा बस. कुणी वेग कमी केला नाही. ऊन चढायला लागलं होतं. म्हातारीने पदर खोचला, पिशवी काखेत घट्ट दाबली.

“घाई नको, ताये,” ती विद्युलताला म्हणाली. “मी सांगते तेव्हा निघ.”

दोघी फुटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या.