किल्ली मिळेल का

मनी चार महिन्यांची झाली तेव्हा मी पियानोवर चादर घातली. चौदा वर्षं रोज वाजवत आले होते, शाळेत शिकवतही होते. पण आमच्या दोन खोल्यांत एक सूर वाजला की ती दचकून उठायची, आणि एकदा उठली की तासभर कुणाला टेकू द्यायची नाही. खरं नाव वेगळं आहे तिचं. मांजरीसारखी कान टवकारून झोपते म्हणून मनी.

माझंही काही बरं चाललं नव्हतं. ती झोपली की श्वास चालू आहे ना बघायला मी दर पाच मिनिटांनी वाकायचे. नवरा म्हणायचा, "अगं, तू नाही मोजलेस तरी घेईल ती श्वास." हे त्याला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

शाळेने माझ्या जागी दुसरी बाई घेतली, तेव्हा पियानो विकून टाकू असं ठरलं. बघायला आले ते वाद्यं दुरुस्त करणारे काका. त्यांनी चादर उचलली, एका पट्टीवर बोट ठेवलं, पाळण्याकडे पाहिलं आणि बोट तसंच मागे घेतलं.

"विकू नका इतक्यात," ते हळूच म्हणाले. "एकदा कारखान्यात या. एक गरीब प्राणी दाखवतो."

गरीब प्राणी म्हणजे क्लॅव्हिकॉर्ड. पियानोच्या कितीतरी आधीचं वाद्य, टेबलावर मावेल एवढी लाकडी पेटी. पट्टी दाबली की पितळेचं लहानसं पातं तारेला टेकतं आणि बोट उचलेपर्यंत टेकलेलंच राहतं. आवाज इतका बारीक की काकांनी आधी पंखा बंद केला. मी सवयीने जोर दिला, तर सूर चढला आणि वाकडातिकडा झाला.

"दाबू नका. जितकं दाबाल तितकी तार ताणली जाते. मुलीला उचलताना हात कसा असतो तुमचा?"

"घाबरत घाबरत."

"मग तेवढंही नको," काका म्हणाले. "पण त्याच्या जवळपास."

ती पेटी त्यांनी मला वापरायला दिली. पाळण्यापासून हातभर अंतरावर ठेवून मी दुपारी वाजवायला बसले. मनी हललीसुद्धा नाही. दाराशी उभ्या सासूबाई मात्र बराच वेळ बघत होत्या.

"तुला तरी ऐकू येतंय का? मला वाटलं, फडकं मारतेयस."

"येतं, आई."

"मग असू दे. तुझे सासरे भर दुपारी तबला बडवायचे, त्यांना असलंच काहीतरी घ्यायला हवं होतं."

वर्षभर तिची दुपारची झोप ही माझी शाळा झाली. माझे कान बदलले. एका बाजूने तिचा श्वास आणि दुसऱ्या बाजूने तारेच्या आवाजाचा शेवटचा धागा, दोन्ही एकदम ऐकू यायला लागले. शनिवारी नवरा मनीला सांभाळायचा आणि मी कारखान्यात हार्पसिकॉर्डवर बसायचे. हे मोठं वाद्य. यात पट्टी दाबली की तार छेडली जाते, आणि कितीही जोराने दाबा, आवाज तेवढाच. पण काकांची एक अट होती: आधी किल्लीने तारांच्या खुंट्या फिरवून सूर लावायचे, मगच वाजवायचं.

"पियानोवाल्यांकडे सूर लावायला माणूस येतो," ते म्हणायचे. "या वाद्याचा माणूस तुम्हीच."

पहिल्या शनिवारी मला अडीच तास लागले, आणि तरी डब्यात चमचे पडल्यासारखं वाजलं. पुढे वीस मिनिटांवर आले.

मग कळलं की जुनं संगीत वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदाला हार्पसिकॉर्डसाठी माणूस हवाय. एकच जागा. ती मिळाली नाही तर मी घरात गुपचूप वाजवणारी आई, एवढीच उरणार होते. हे मी कुणाला बोलले नाही, पण आठवडाभर जेवण जात नव्हतं.

आम्ही सहा जण होतो, माझा नंबर शेवटचा. सासूबाई मनीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. समोर तिघे परीक्षक: व्हायोलिन वाजवणाऱ्या प्रमुख बाई, चेलोवाले आणि एक चष्मेवाले गृहस्थ. मी बसले आणि थेट सुरुवात केली, अगदी पियानोवाल्यासारखी. पहिल्याच सुरावलीत अंगावर काटा आला. खिडकीतलं ऊन थेट वाद्यावर पडत होतं आणि मधले सूर उतरले होते.

मी थांबले. थांबणं म्हणजे चूक कबूल करणं, हे कळत होतं.

"किल्ली मिळेल का? सूर लावायचेत."

चष्मेवाले म्हणाले, "सकाळी लावलेत. बाकीच्यांचं काही अडलं नाही."

"उतरलेत," मी म्हटलं. आवाज माझाच होता का, शंका आली.

प्रमुख बाईंनी किल्ली पुढे केली. वाद्य मी उन्हातून बाजूला घ्यायला लावलं. शेजारच्या दालनात खुर्च्या सरकवत होते. मी कान लाकडाला लावला आणि एकेक खुंटी फिरवत गेले. मध्येच बाहेर मनी रडायला लागली. एरवी मी पळत सुटले असते. पण ते रडणं भुकेचं नव्हतं, पडल्याचंही नव्हतं. ते कंटाळ्याचं होतं. मी पुढची खुंटी घेतली.

सतरा मिनिटं लागली. मग वाजवलं. एकही बोट घाबरलं नाही. सूर असे स्वच्छ सुटत होते की खुर्च्यावालेही थांबले. चेलोवाल्यांनी न विचारता आपलं वाद्य उचललं आणि खालचे सूर धरले. वरचं मी मनाने भरत गेले. त्यांनी वेग वाढवला, मीही वाढवला. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि चक्क हसले.

संपल्यावर चष्मेवाले म्हणाले, "सकाळपासून काहीतरी खुपत होतं खरं."

"पाच जणांना खुपलं असेल," प्रमुख बाई म्हणाल्या. "किल्ली एकीनेच मागितली." मग माझ्याकडे वळल्या. "सोमवारी दहाला तालीम. तुम्ही साडेनऊला या."

"म्हणजे…"

"म्हणजे जागा तुमची. बाहेर रडतेय ती कोणाची?"

"माझी."

"आत आणा. आमची माणसं शेजारीच आहेत, एकदा सगळे मिळून वाजवून बघू."

सासूबाई मनीला कडेवर घेऊन आल्या, तोंड आंबट करून. "मध्येच बंद पडलीस तेव्हा म्हटलं, गेली ही."

"मिळाली, आई."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पहिल्या रांगेत मधोमध बसून पदर सारखा केला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीला सांगावं तसं म्हणाल्या, "सून आहे माझी."

बारा जण येऊन बसले. वाद्यांवर गज टेकले आणि सुरुवातीसाठी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेने ताल दिला, आणि आम्ही निघालो.