ॲम्ब्रोसला काहीच त्रास नाही

मी एक प्रश्नावली. आजारी माणसाचं जगणं कसं चाललंय, हे मोजायला मला जन्माला घातलं. शहाण्यासुरत्या मंडळींनी माझ्या एकेका प्रश्नावर वर्षानुवर्षं काथ्याकूट केला आणि मग छापून मला गावोगाव धाडलं. मी आले न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावर, स्केट कोव्हच्या डायलिसिस केंद्रात. रक्त मशीनमधून फिरत असताना पेशंटला दुसरा उद्योग नसतो, म्हणून मला त्याच्या पुढ्यात ठेवतात.

इथली माणसं मात्र माझ्या मुळावर उठलेली. कसं काय विचारलं की "मस्त". पाय कापलेला माणूसही मस्तच असतो. आता मी काय मोजू, कपाळ?

ॲम्ब्रोस जन्मभर समुद्रात कॉड मासे पकडणारा. एका हातात सुया, म्हणून नर्स ब्रायडी मला मोठ्याने वाचून दाखवायची. तिचा बाप त्याच्याच बोटीवर होता.

"ॲम्ब्रोसकाका, गेल्या महिन्यात अंघोळीला, कपडे घालायला त्रास झाला?"

"छे गं. काही नाही."

"याला कसला त्रास?" शेजारच्या खुर्चीवरून लिओ म्हणाला. "नवरदेवासारखा नटून येतो."

"जळतोस का रे?"

ॲम्ब्रोस खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. त्याला टबातून उचलायची त्याची बायको फिलोमिना. बटणं लावायची ती, बूट चढवायची ती. त्रास व्हायचा तो तिच्या पाठीला, आणि तिच्याबद्दल माझ्यात एक अक्षर नाही. ती बाहेर बाकावर मोजे विणत बसायची. घरी मदतीला कुणी बाई मिळेल का, असं तिने ब्रायडीला हळूच विचारलंही होतं. डॉक्टरांनी माझ्यातल्या उत्तरांचे गुण बघितले. "इतका छान आहे की हा! मदतनीस कशाला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहा महिन्यांनी मी पुन्हा त्याच्या पुढ्यात आले. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"आण इकडे, आज माझं मीच भरतो," तो ब्रायडीला म्हणाला.

"चष्मा तरी आणलाय का?" लिओने डिवचलं. ॲम्ब्रोसने खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला.

मोकळ्या हातातलं पेन अंघोळ-कपड्यांच्या त्याच प्रश्नावर थबकलं. मग त्याने 'मुळीच नाही' समोरचा गोल काळा केला, कारण त्याला अजूनही त्रास होत नव्हताच. आणि माझ्या कडेला, कोऱ्या जागेत, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: "सकाळी मला उचलताना फिलोमिना खाली बसली. रडत होती. मला बघून हसली. तिला विचारा. मी सांगितलं म्हणू नका."

एवढा मोठा दर्यावर्दी माणूस, आणि लिओला दिसू नये म्हणून त्याने मला पालथं ठेवलं.

ब्रायडी मला घ्यायला आली, तेवढ्यात पलीकडे कुणाचं तरी मशीन कोकलायला लागलं. तिने न बघताच मला गठ्ठ्यात टाकलं.

आता पेशंट घरी निघालेत, ब्रायडी एकेक कागद स्कॅनरमध्ये सरकवतेय, आणि मी त्याच्या तोंडाशी आहे. तो फक्त काळे गोल वाचतो; कडेला कुणी जीव ओतलाय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गुण पुन्हा उत्तमच येणार. खिडकीबाहेर फिलोमिना वाकून ॲम्ब्रोसचा पाय गाडीत उचलून ठेवतेय. मधेच थांबली, गाडीचं दार धरून उभी राहिली.

ब्रायडी, पोरी, एकदा तरी खाली बघ गं. पुढचा कागद मीच आहे.