भीमराजच्या हातची खिचडी

शेजारच्या भीमराजने विजेवरचा कुकर आणला आणि अख्ख्या राळेगावात तोच एकटा स्वयंपाकी उरला. रोज संध्याकाळी स्वतः वाटी घेऊन आमच्या दारात हजर.

"काकू, माह्या हातची खिचडी हाये."

मीही मूर्ख. बोटं चाटत "वा, भीमराज!" म्हणायचे. खरं काय ते मला दिसत होतं. त्याची बायको कोकिळा डाळ-तांदूळ निवडायची, धुवायची, कांदा चिरायची, फोडणी द्यायची, पाणी मापून ओतायची आणि झाकण लावून हाक मारायची, "या, दाबा." मग साहेब टीव्हीसमोरून उठायचे, बटन दाबायचे आणि घाम पुसायचे.

अशात कोकिळेला बालवाडीत बाईंची जागा मिळायची वेळ आली. आधी यवतमाळला आठ दिवसांचं प्रशिक्षण. सकाळी सातची एसटी, परत यायला संध्याकाळ. एक दिवस जरी बुडला तरी जागा दुसरीला. नववीनंतर घरात बसवलेली ही पोरगी लग्नानंतर बाहेरून बारावी झाली होती. तिचा सगळा जीव त्या जागेत होता.

सासू मैनाबाईंनी अट घातली. "जाय, पण माह्या पोराचं जेवण चुकलं तं दुसऱ्या दिवशी जायचं नाही."

"कायले चुकते?" भीमराजने छाती फुगवली. "रोज मीच तं करतो!"

पंधरा दिवस गल्लीभर कौतुक ऐकून त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

पहिल्याच दिवशी अकरा वाजता त्यांच्या घरातून जळका वास आला. मी धावले. कुकरमधून धूर, घरातली वीज गेलेली, ओट्यावर पाण्याचा ओघळ आणि त्यात डाळ-तांदूळ. मी आधी प्लग उपटला. भीमराज फोनवर कोकिळेला ओरडत होता, "बेकार मशीन हाये! म्या बराबर बटन दाबलं!"

"आतलं भांडं ठेवलं होतं का?" तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"कोणतं भांडं?"

भांडं खिडकीत पालथं होतं. तिने घासून ठेवलेलं. ते कुकरमधून बाहेर निघतं, हेच या स्वयंपाक्याला ठाऊक नव्हतं. मला हसू फुटलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. पंधरा वाट्या मी खाल्ल्या होत्या.

मैनाबाईंनी फोन हिसकावला. "आत्ताच्या आत्ता ये! पोरगं उपाशी हाये. अन् उद्यापासून जायचं नाही!"

पोरगं चाळिशीचं.

कोकिळा म्हणाली, "आई, सैपाक रोज थेच करते, असं त्यायनंच साऱ्या गल्लीले सांगतलं ना? मंग चुकलं थे त्यायच्या हातचं. माह्यं नाही. मी संध्याकाळीच येईन."

"खरं हाये," मी मोठ्यांदा म्हणाले. "गल्ली साक्षीले हाये." मैनाबाईंनी फोन लेकाच्या हातात कोंबला.

संध्याकाळी तिने गॅसवरचा जुना कुकर फळीवरून खाली काढला आणि नवऱ्यापुढे ठेवला. "याच्यात भांडं नसलं तरी चालते."

दुसऱ्या दिवशी कोकिळा सातच्या एसटीने गेली. संध्याकाळी भीमराज वाटी घेऊन आला. बोटाला चटका, डोळे कांद्याने लाल. खिचडी खालून करपलेली, मीठ अजिबात नाही.

"कशी झाली, काकू?" त्याने हळूच विचारलं.

मी वाटी पूर्ण संपवली.

"आज तुह्या हातची हाये," मी म्हणाले.