तळपायांचा रकाना

नागसेन आयुष्यात फारसं खोटं बोलला नव्हता. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केलेल्या माणसाला त्याची गरजच पडत नाही. समोरची माणसं दिवसभर त्याच्या वाट्याचंही बोलत असतात. पास घरी राहिला, पोराला अजून पाचवं लागायचंय, सुट्टे नाहीत. म्हणून महाडच्या स्टँडसमोर अनिलच्या विम्याच्या ऑफिसात बसून तो एका दमात अकरा वेळा 'नाही' म्हणाला, तेव्हा त्याचं त्यालाच नवल वाटलं. नवल तरी कसलं, नुसतं कळलं. अलीकडे त्याला सगळंच असं लांबून कळायचं.

प्रकरण असं होतं. मुलगी मानसी मुंबईला नोकरी करत होती. तिने स्वतःची आणि आईवडिलांची क्रूझची तिकिटं काढली होती. चेन्नईहून मोठं जहाज निघणार, श्रीलंकेत त्रिंकोमालीला लागणार, तिथून बसने अनुराधपूरला जाऊन यायचं. अनुराधपूरचा बोधिवृक्ष नागसेनच्या बायकोला, उज्वलाला, बघायचा होता. ही हौस आजची नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं तिने मुलांना संघमित्रेची गोष्ट सांगितली होती. बुद्धगयेच्या झाडाची फांदी घेऊन समुद्रापलीकडे गेलेली अशोकाची मुलगी. सांगून सांगून ती फांदी आपणच पाठवल्यासारखं बाईंना वाटायला लागलं होतं, आणि आता ती नीट लागलीय का ते एकदा जाऊन बघायचं होतं. पासपोर्ट झाले, नवी चाकांची बॅग आली. राहिला होता विमा, कारण जहाजवाले त्याशिवाय पाऊल ठेवू देत नव्हते.

अनिल पोलादपूरचा, नागसेनच्या एका जुन्या ड्रायव्हरचा मुलगा. त्याने दोन कागद पुढे सरकवले.

"काका, काकू, नीट ऐका. या पहिल्या पॉलिसीत कंपनी काही विचारत नाही. पण जुन्या आजारापायी काही झालं तर देतही काही नाही. दुसरीत सगळं खोदून खोदून विचारतात. तिथे खरं ते लिहायचं. मग त्यांनी घेतलं, तर जुना आजार उपटला तरी खर्च त्यांचा. बोटीवर डॉक्टर असतो, पण भर समुद्रात माणूस हेलिकॉप्टरने उतरवायची वेळ आली तर आपल्याच्याने ते निभणारं नाही."

"पहिली चांगली हाय," नागसेन म्हणाला.

"दुसरी," उज्वला म्हणाली. "मला बी.पी.ची गोळी आहे. ती लपवून मी कशाला जाऊ? आणि दोघांची एकच असू दे."

झालं. उज्वलाने तिच्या रकान्यात बी.पी. लिहिलं, गोळीचं नाव लिहिलं, कुठल्या सालापासून ते लिहिलं. हजेरीपटात कधी रकाना मोकळा न सोडलेली बाई ती. मग अनिलने नागसेनचा फॉर्म वाचायला घेतला. हृदयविकार? नाही. दमा? नाही. मूत्रपिंड? नाही. मधुमेह? नाही, हे नागसेनने जरा लवकरच म्हटलं. शेवटचा प्रश्न होता, हातापायांना मुंग्या, तळपाय बधिर होणं, जखम लवकर न भरणं.

"नाय," नागसेन म्हणाला, आणि सही केली. अनिल म्हणाला, सोमवारी दोन्ही फॉर्म कंपनीला पाठवतो.

खरं काय ते आता सांगून टाकलेलं बरं. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात त्याची साखर निघाली होती. भरपूर निघाली होती. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तो आपल्या जुन्या तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचा, कारण त्या पेटीला उज्वला आठवण म्हणून हात लावत नसे. घ्यायचाही, आठवलं तर. आधी तळपायांना मुंग्या आल्या. मग त्या गेल्या, तेव्हा त्याला वाटलं बरं झालं. मग कळलं की मुंग्यांबरोबर बाकीचंही गेलंय.

हेच पाय एकेकाळी काय होते! आंबेनळीच्या घाटात महाबळेश्वरच्या गाडीत मागे तिकिटं फाडत उभा असताना, खिडकीबाहेर न बघता, नागसेन नुसत्या तळपायांवरून सांगायचा की गाडी कुठल्या वळणाला आलीय. ड्रायव्हर पैज लावायचे आणि चहा हरायचे. आता पायऱ्यांवर चप्पल मागे राहिली तरी त्याला पत्ता लागायचा नाही. म्हणून तो बायकोबरोबर बाहेर गेला की चार पावलं मागे, जमिनीकडे बघत चालायचा. डोळ्यांनी चालायचा म्हणा ना.

सांगितलं का नाही? सांगितलं नाही त्याला कारण त्याचा थोरला भाऊ श्रीपत. श्रीपतचीही सुरुवात अशीच झाली होती. आधी करंगळी, मग पाऊल, मग गुडघ्याखाली सगळा पाय गेला. शेवटची तीन वर्षं तो पोलादपूरकडच्या वाडीत दाराशी बसून असायचा, आणि येणारा जाणारा आधी त्याच्या नसलेल्या पायाकडे बघायचा, मग तोंडाकडे. नागसेनने त्याला कितीदा उचलून मोरीत नेलं होतं. ते तसं आपल्याकडे कुणी बघू नये, एवढंच त्याला हवं होतं. भीती वाटत होती असं म्हणावं, तर भीतीसुद्धा धड वाटत नव्हती. विषय निघाला की आत कुठेतरी दिवा गेल्यासारखं व्हायचं आणि तो पेपर उघडायचा.

पण सही केल्यावर एक झालं. जहाजाच्या डेकवर उज्वला पुढे चाललीय, आपण मागे, चप्पल निसटलीय आणि बघायला अख्खं जहाज, असं चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. तेव्हा त्याने ठरवलं की जायच्या आत पाय जागे करायचे. शनिवारी सकाळी 'डेपोत पेन्शनचं काम आहे' असं सांगून, हे आणखी एक खोटं, तो रिक्षाने सवला गेला.

सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर या भागातल्या माणसांचा विश्वास आहे. गुडघे धरले, खरूज झाली, कंबर आखडली की चला सवला. लहानपणी आई या दोघा भावांना तिथे आंघोळीला आणायची. तिची एक रीत होती. आधी स्वतःचा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायची, थोडी थांबायची, आणि मगच पोरांना आत सोडायची. नागसेनला ते सगळं आठवलं. हात घातला असता तर हाताने लगेच सांगितलं असतं. पण त्याला हाताकडून ऐकायचं नव्हतं. पायांनी सांगायला हवं होतं, त्यासाठीच तर आला होता. त्याने पँट दुमडली, कडेला बसला आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.

काही नाही. कोमटसुद्धा नाही. त्याला वाटलं, आज पाणी निवलंय. मग वाटलं, जरा वेळ लागेल. वाफ तोंडावर येत होती, तरी तो थांबला. अर्धा तास झाला असेल. शेजारी कपडे धूत बसलेली एक म्हातारी, ठमाबाई तिचं नाव हे मागून कळलं, एकाएकी ओरडली.

"अरे ए बाबा, पाय काढ आधी! कातडी सुटली हाय तुजी, कळत नाय काय तुला?"

नागसेनने पाय वर घेतले. लालभडक पाय. टाचेवरची कातडी ओल्या कागदासारखी सरकली होती. म्हातारीने तोंडाला पदर लावला, दोघेचौघे धावत आले, आणि नागसेन त्या पायांकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसा बघत राहिला. दुखत नव्हतं. जराही दुखत नव्हतं. आपल्याला आता घाबरायला हवं, असं तेवढं त्याच्या मनात आलं.

महाडच्या हॉस्पिटलात दोन्ही पाय पट्ट्यांत गुंडाळल्यावर डॉक्टरांनी उज्वलाला बाहेर बोलावलं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. दोन दिवस बोलली नाही. वेळेवर डबा आणायची, पाणी द्यायची, खुर्चीवर बसून राहायची. तिसऱ्या दिवशी तिने पर्समधून त्याचा फॉर्म काढला. अनिलकडे जाऊन तो तिने परत आणला होता.

"मी वाचते. तुम्ही उत्तर द्या," ती शाळेतल्या आवाजात म्हणाली. "मधुमेह?"

"हो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

तिने 'नाही' खोडून लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक. "तळपाय बधिर?"

"हो."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल."

इथे तिचं पेन थांबलं.

"दीड वर्ष मी काय समजत होते माहीत आहे? तळ्यावर फिरायला जाताना तुम्ही मागे राहायचात. मला वाटायचं, तुम्हाला माझ्याबरोबर चालायचा कंटाळा येतो. वीस मार्चला सत्याग्रह दिनाची एवढी गर्दी होती, सगळी जोडीने चालली होती आणि मी एकटी पुढे. घरी येऊन मी मोरीत जाऊन रडलेय, अहो. तुमच्या साखरेने मला तेवढं रडवलं नसतं."

वाईट वाटतंय हे नागसेनला कळत होतं, पण तेही पाण्याखालून कळल्यासारखं. "माझ्या लक्षात आलं नाय," एवढंच तो म्हणाला, आणि ते मात्र खरं होतं.

अनिलने दुरुस्त केलेला फॉर्म पाठवला. पाच दिवसांत उत्तर आलं. उज्वलाला पॉलिसी मिळाली, बी.पी.सकट. नागसेनला कंपनीने घेतलं नाही. मानसीने फोनवर सांगितलं की आई, सगळंच रद्द करूया. उज्वला बरं म्हणाली. बॅग तिने माळ्यावर ठेवायलाही घेतली.

"बॅग खाली ठेव," तोवर घरी आलेला नागसेन पलंगावरून म्हणाला. "मी तुझं जाणं बुडवलं असं मला आयुष्यभर बघायचं नाय. तू जा."

"तुमच्यासाठी मी जाणार नाही," ती म्हणाली. बॅग मात्र खाली ठेवली. थोड्या वेळाने म्हणाली, "जाते. पण राग आलाय म्हणून जाते, समजलं ना?"

"समजलं."

त्याच्याकडे बघायला श्रीपतची बायको, चंपावहिनी, वाडीवरून आली. आई गेल्यावर नागसेनला तिनेच लहानाचा मोठा केलेला, त्यामुळे साठी उलटलेल्या दिराला ती अजून नागू म्हणायची. येताना जुनी मऊ लुगडी फाडून घेऊन आली होती. पहिल्याच दिवशी तिने पट्टी सोडली, पाय निरखले आणि म्हणाली, "तुज्या भावानं बी असाच गप राहून पाय घालवला. तुमा भावांना तोंडं दिलीत कशाला ती?" आणि डॉक्टरने दाखवलेलं मलम लावू लागली. तिच्या हाताला सवय होती. नागसेन भिंतीकडे बघत पडून राहायचा. दिवस असेच गेले. उज्वला निघाली तेव्हाही त्याने पलंगावरूनच हात हलवला. तिने रोजच्या गोळ्या त्या पत्र्याच्या पेटीतून काढून टेबलावर, सगळ्यांना दिसतील अशा ठेवल्या होत्या.

ती गेल्यावर सहाव्या दिवशी दुपारी, चंपावहिनी पट्टी बदलायला बसली होती, तेव्हा उज्वलाचा व्हिडिओ कॉल आला. वहिनीने फोन उशीला टेकवून उभा केला. पडद्यावर आधी पांढरं ऊन दिसलं, मग पांढरी साडी, मग उज्वला. मागे सोनेरी कठडा आणि त्याच्या वर टेकू दिलेली जुनी फांदी.

"लागलीय हो!" ती म्हणाली. "फांदी चांगली लागलीय!" आणि लगेच कळवळली. एक पाय उचलला, तो टेकवून दुसरा उचलला. "इथे चपला बाहेर काढायला लावतात. दुपारची फरशी आहे, काय चटके बसतायत! बापरे! सगळी माणसं नाचतायत इथे." ती हसत होती. कितीतरी महिन्यांनी हसत होती.

"कसे बसतायत?" नागसेनने विचारलं.

"काय?"

"चटके. कसं वाटतं ते सांग. मला आता माहीत नाय."

उज्वलाचं हसू थांबलं. मग तिने दोन्ही पाय फरशीवर टेकवले.

"पाऊल ठेवलं की आधी काही नाही," ती म्हणाली, सावकाश, वर्गातल्या मागच्या बाकाला ऐकू जावं अशी. "मग टाचेला सुईसारखं टोचतं. मग एकदम वर चढतं, पोटरीपर्यंत. मग पाय उचलला जातो. आपण उचलत नाही हो, त्याचा तोच उचलला जातो."

"त्याचा तोच?"

"त्याचा तोच. आता मी दाबून धरलाय. आता बोटांखाली भाजतंय, अंगठ्याला जास्त..."

मागून मानसी ओरडत होती, आई, वेडी झालीस का, सावलीत ये. उज्वला हलली नाही. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते उन्हाचं असेल नाही तर फरशीचं, आणि ती अंगठ्यापासून टाचेपर्यंत एकेक जागा घेऊन सांगत राहिली.

इकडे वहिनी पट्टी सोडत होती. आतला थर कातडीला चिकटला होता, म्हणून तिने त्यावर थोडं पाणी सोडलं. तिने जरा ओढला आणि जुन्या सवयीने मान वर करून नागसेनच्या तोंडाकडे बघितलं. नागसेन रडत होता. हुंदके देऊन रडत होता, श्रीपत गेला तेव्हाही रडला नव्हता तसा.

"लागलं काय रे, नागू?"

"हो," नागसेन म्हणाला.

वहिनीने हात थांबवला, आणि पट्टीवर आणखी थोडं पाणी सोडलं.