धबधब्याची लेव्हल

सापगावात ओमकारचं घर आणि बारकूकाकाचं घर यांच्यामध्ये एकेरी विटेची एकच भिंत आहे. इकडे कुकरची शिट्टी झाली की तिकडे कळतं, आणि तिकडे कोण कुणावर खेकसलं ते इकडे भाजी निवडता निवडता ऐकू येतं. तरी दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नाहीत. वाटणी झाली तेव्हापासून हे असंच चाललंय.

त्या वाटणीची गंमत ऐकण्यासारखी आहे. शेत झालं, भांडी झाली, बैलगाडीचं मोडकं जू झालं, आणि शेवटी उरला पोरांचा व्हिडिओ गेम. टीव्हीला जोडायचा डबा बारकूकाकाने कल्याणहून आणला होता, म्हणून डबा काकाकडे गेला. कॅसेटी ओमकारच्या बापाने, धर्माने, शहापूरच्या बाजारातून एकेक करून आणल्या होत्या, म्हणून कॅसेटी इकडे राहिल्या. डब्याशिवाय कॅसेट म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा आणि कॅसेटीशिवाय डबा म्हणजे नुसतं खोकं, हे त्या अंगणात बसलेल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि म्हणूनच तसं केलं असेल. दोन पोरं तोंड पाडून दोन दारांत उभी होती. एक ओमकार आणि दुसरी त्याची चुलत बहीण मनस्वी, त्याच्याहून थोडी मोठी. तोवर ती दोघं शाळेतून आली की दप्तरं भिरकावून एकाच चटईवर बसायची. पुढे मोठ्यांचं भांडण मुरलं, तसं पोरांनीही ते अंगात मुरवून घेतलं. 'ताई' म्हणणं सुटलं. मग बघणंही सुटलं.

आता ओमकार भिवंडीला एका गोदामात कामाला आहे, आणि या वर्षी त्याने पत्त्याच्या कॅटाएवढा एक नवा कॉम्प्युटर मागवला. कॉम्प्युटर म्हणजे काय, तर एकच हिरवी पट्टी. तिच्यावरच सगळं बसवलेलं. वर बोटभर पंखा, बाजूला मेमरी कार्ड. टीव्हीला जोडला, दोन रिमोट लावले, की लहानपणचे सगळे गेम हजर. पहिल्यांदा त्याने मोबाइलच्याच चार्जरवर चालवला तर पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह लुकलुकायला लागलं आणि यंत्र मध्येच मान टाकायला लागलं. मग योग्य चार्जर आला. मग दुसरं दुखणं निघालं: बटण दाबलं की पडद्यावरचा गडी जरा उशिरा उडायचा. अगदी जरासा, पण खड्ड्यात पडायला तेवढं पुरायचं. ओमकार कित्येक दिवस तसाच खेळला आणि त्या उशिराची सवय करून बसला. नंतर त्याला नेटवर कळलं की दोष यंत्राचा नाही, टीव्हीचा आहे. नवा टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात बटणामागून रेंगाळतो. सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू केला की झालं. त्याने केला, आणि झालं.

हा सगळा खटाटोप त्याने हौसेने केला असं कुणाला वाटत असेल तर ते खोटं आहे. त्याने तो रागाने केला.

मनस्वीचं लग्न ठरलं होतं, मुरबाडच्या मुलाशी. तिला सख्खा भाऊ नाही. लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा असतो; बहिणीला नीट वागव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असं त्या कान पिळण्यातून सांगायचं असतं. सख्खा नसला तर चुलत भाऊ उभा राहतो, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि ओमकारच्या कानावर आलं की बारकूकाका आटगावच्या संदेशला उभा करणार आहे. संदेश म्हणजे मनस्वीचा मामेभाऊ. भिंतीपलीकडे हाडामांसाचा चुलत भाऊ बसलेला असताना मामेभाऊ! ओमकारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याला तो मान हवाय हे त्याने आईलासुद्धा सांगितलं नाही. त्याने फक्त टीव्ही भिंतीला लावून ठेवला आणि आवाज वाढवला.

रोज कामावरून आला की तेच. लहानपणचं ते टिंगटिंगणारं संगीत भिंतीतून पलीकडे जायचं आणि ओमकार मनात म्हणायचा, बसा आता तुमचा डबा उराशी धरून.

"अरे, लग्नघर हाय त्यांचं," अनिता, त्याची आई, म्हणायची. "जरा लाज धर."

"लग्नघर त्यांचं ना? मग आपल्याला काय त्याचं? आपण कोण त्यांचे?"

पलीकडून बारकूकाका भिंतीवर मूठ आपटायचा. "बंद कर ते थोबाड! नायतर आत येऊन फोडीन!"

"या ना काका! वाट माझ्याच हद्दीतून हाय!" ओमकार ओरडायचा. कारण विहिरीची वाट धर्माच्या वाट्यात आली होती, आणि तेच खरं सगळ्या भांडणाचं मूळ होतं. त्या वाटेवरचा हक्क सोडायची सही काका कधीपासून मागत होता आणि धर्मा नाही म्हणत होता.

एका रविवारी दुपारी मुरबाडची माणसं बस्त्याचं ठरवायला यायची होती. ओमकारला ते ठाऊक होतं, म्हणूनच त्याने जेवण झाल्याबरोबर गेम लावला. थोड्याच वेळात दारात सावली पडली. त्याला वाटलं काका आला. त्याने छाती काढून वळून पाहिलं, तर मनस्वी उभी होती. वाटणीपासून तिने हा उंबरा ओलांडला नव्हता. भुवया कोरलेल्या, हाताला लग्नाआधीचा काहीबाही लेप, आणि नजर अशी की दूध नासावं.

"आवाज कमी कर," ती म्हणाली.

"माझं घर हाय."

"माहीत हाय तुझं घर. पाहुणे येतायत माझे."

"मग त्यांनाही ऐकू दे. फुकटात करमणूक."

"तू ना, अजून तसाच हायस. हरायला लागला की डब्याची वायर ओढायचा, तसाच."

"आणि तू अजून तशीच. डबा घेऊन बसलेली."

"मी बसली? मी शाळेत होती, ओमकार! मला विचारलं होतं कुणी?"

मनस्वी पडद्याकडे बघत होती. त्यावर दोन गडी बंदुका घेऊन उभे होते, निळा आणि लाल. निळा नेहमी तिचा असायचा. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं आणि मग तिने ते लगेच आवरलं. ती आत आली, चटईवर बसली आणि दुसरा रिमोट उचलला.

"लाव धबधब्याची लेव्हल. वर शेवटाला जो पोचंल तो जिंकला. मी जिंकली तर मी एक गोष्ट मागीन. तुला नाय म्हणता येणार नाय."

"काय मागशील?"

"ते जिंकल्यावर. घाबरतोस?"

"आणि मी जिंकलो तर?"

"तर माझं तोंड बघायला लागणार नाय तुला."

ओमकारच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला, आणि तो उजेड साफ चुकीचा होता. विहिरीची वाट! बापाने सही दिली नाही म्हणून आता पोरीला पाठवलं. शब्दात अडकवायचं, आईसमोर 'हो' म्हणवून घ्यायचं आणि कागद पुढे करायचा. वा रे बारकूकाका! म्हणजे इतक्या वर्षांनी ही उंबरा ओलांडून आली ती सुद्धा सहीसाठी. त्याला भयंकर संताप आला. आणि त्याला हेही ठाऊक होतं की धबधब्यावर मनस्वीला तो कधीच हरवू शकला नव्हता.

"काकू, जरा पाणी देता?" मनस्वी आतल्या दाराकडे वळून म्हणाली.

अनिता तांब्या घेऊन बाहेर आली. इतक्या वर्षांनी या पोरीने काकू म्हटलं म्हणून तिचे डोळे भरले होते, आणि मनस्वी तिच्याकडे बघत पाणी पीत होती. तेवढ्यात ओमकारने टीव्हीचा रिमोट उचलला, सेटिंग उघडलं आणि गेम मोड बंद केला. त्याला त्या उशिराची सवय होती. तिला नव्हती. काम फत्ते झालं आणि त्याला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

धबधब्याची लेव्हल अशी आहे: खडकावरून खडकावर उड्या मारत वर चढायचं. एक जण वर गेला की पडदाही वर सरकतो, आणि जो खाली राहिला तो पडद्याबाहेर गेला की मेला. त्यामुळे दोघांनी मिळून चढायचं असतं. लहानपणी मनस्वी प्रत्येक खडकावर थांबायची आणि ओरडायची, "ये, ये, मार उडी!" ओमकार वर येईपर्यंत ती पुढचं बटण दाबायची नाही. आपण एकटे तिथे कधी पोचलो नाही, तिने थांबून थांबून नेलं, हे ओमकार पुरता विसरला होता.

पहिल्याच उडीला निळा गडी खड्ड्यात गेला.

मनस्वीने रिमोटकडे पाहिलं. "बटण उशिरा लागतंय रे."

"नाचता येत नाय तर अंगण कशाला वाकडं म्हणतेस?"

दुसऱ्यांदा तिने उडी मारली आणि कशीबशी कडेला लटकली. चढली. मग पुन्हा पडली. "खरंच उशिरा लागतंय. बघ ना." ती पडद्याकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हात गंजले तुझे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "लग्न ठरलंय, आता लाटणं धर."

अनिता मागून म्हणाली, "ओमकार, तोंड सांभाळ."

शेवटचा जीव उरला तेव्हा ती एका रुंद खडकावर पोचली आणि थांबली. तिला पुढे जाता आलं असतं. ओमकारचा लाल गडी तेव्हा खाली होता. पण जुन्या सवयीने तिचं बोट थांबलं. लाल गडी वर आला, तिच्या शेजारी उभा राहिला. आता दोघांनी बरोबर उडी मारायची. ओमकारने मारली. तिनेही मारली, बटण रेंगाळलं आणि निळा परत त्याच खडकावर आदळला. ओमकारला थांबता आलं असतं. तो थांबला नाही. एक खडक, दुसरा खडक, पडदा सरसर वर सरकला आणि निळा गडी खालच्या काळ्या पट्टीत नाहीसा झाला.

"मेलीस!" ओमकार ओरडला. "जा, सांग बापसाला!"

मनस्वीने रिमोट चटईवर ठेवला, अगदी हळू, त्याला खरचटू नये असा. ती उठली आणि दाराशी जाऊन चप्पल घालायला लागली.

"काय मागणार होतीस ते तरी सांग," तो म्हणाला. जिंकलेल्या माणसाला ऐकायचं असतं. "वाटेची सही ना?"

ती वळली. "वाट? वाट घाल चुलीत तुझी!" तिचा आवाज चिरकला. "बाबांशी आठ दिस भांडते मी. जेवली नाय मी दोन दिस. माझ्या नवऱ्याचा कान संदेश पिळणार नाय, ओमकार पिळंल, म्हणून. शेवटाला बाबा बोलले, जा, विचार त्याला, येतो का बघ. आता तुला सरळ विचारलं असतं तर तू माजानं नाय बोलला असतास. म्हणून खेळून मागायला आली."

टीव्हीवर ओमकारचं जिंकल्याचं संगीत वाजत होतं आणि ते बंद करायला त्याचा हात उठेना.

"थांब," तो म्हणाला. "थांब ना. टीव्हीचं सेटिंग... मी मघाशी... ते मीच..."

"माहीत हाय मला."

"काय?"

"माझा हात कधी उशिरा लागलाय रे? पहिल्या उडीलाच कळलं मला. म्हणून तुला बोलली, बटण उशिरा लागतंय. दर वेळेला तुझ्या तोंडाकडं बघितलं. वाटलं, आता सांगंल, आता सांगंल." तिने पदराने नाही, हाताच्या पाठीनेच डोळे पुसले. "आणि खडकावर मी थांबली होती तुझ्यासाठी. ते पण बघितलंस तू."

"परत खेळू. ताई, परत खेळू, मी करतो नीट..."

'ताई' ऐकून ती क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, "असा भाऊ उभा करून मी माझ्या नवऱ्याला काय सांगू? की हा माझी बाजू घेईल?" आणि ती अंगण ओलांडून गेली. अनिताने लेकाकडे एकदा पाहिलं आणि टीव्हीचं बटण स्वतःच बंद केलं. त्यानंतर तिने त्याला त्या दिवशी जेवायलासुद्धा हाक मारली नाही.

लग्न मुरबाडला झालं, एका मोठ्या हॉलमध्ये. भावकी म्हणून आमंत्रण आलं होतं, कारण आमंत्रण न देण्याइतकं धाडस बारकूकाकातही नव्हतं. धर्मा आला नाही. अनिता पुढे बायकांत जाऊन बसली. ओमकार इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खुर्च्यांमध्ये बसला, आणि शेजारच्याने मुलीचे कोण म्हणून विचारलं तेव्हा "गाववाले" म्हणाला.

मंगलाष्टकं झाली, हार झाले, होम पेटला. नवरा मुलगा गोरटेला, हसरा, कान चांगले मोठे. ओमकारची नजर पुन्हा पुन्हा त्या कानांवर जात होती. मग भटजींनी माइकमध्ये हाक दिली, "मुलीचा भाऊ कुठे आहे? भावाला बोलवा! लवकर!"

ओमकार उठून उभा राहिला. त्याने ठरवलं नव्हतं, पाय आपोआप उठले. त्याने एक पाऊलही पुढे टाकलं. पुढे संदेश कधीच मांडवात पोचला होता. त्याने नवऱ्याचा कान धरला, नवरा "आई आई" करून ओरडला आणि सगळा हॉल हसला. मनस्वीही हसली. हसता हसता तिने मान वर केली आणि गर्दीवरून मागे पाहिलं, थेट उभ्या राहिलेल्या ओमकारकडे, आणि तिचं हसणं थांबलं.

"अरे ए, खाली बस की," मागून कुणीतरी त्याचा शर्ट ओढला. "आमाला दिसत नाय."

ओमकार खाली बसला.