बँकॉकात काय काय खाल्लं

माझा धंदा स्वयंपाकाचा. आधी बारा वर्षं सुरतेत लिंबायतला कापडाच्या लूमवर काढली, कानांची वाट लागली तेव्हा लूम सोडला आणि लग्नाच्या पंगती रांधायला लागलो. सुरतेचे साडीवाले शेठ परदेशी फिरायला निघाले की पासपोर्टाच्या आधी आचारी शोधतात. कुठेही न्या, संध्याकाळी त्यांना खिचडी-कढीच लागते. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरच्या दुसऱ्या वर्षी भाईदासशेठने चौतीस जणांची बँकॉकची टूर काढली आणि आचारी म्हणून मला धरलं. दहा दिवसांचं काम होतं.

मी नाही म्हणालो होतो. मालतीच्या, माझ्या बायकोच्या, अन्ननळीत गाठ होती. नाकातून नळी घातलेली, त्यातून दूध आणि डाळीचं पाणी जायचं. चार महिने तिच्या जिभेला अन्न लागलं नव्हतं. आणि बाई अशी की जन्मभर खाण्यावर जीव. मुलाच्या लग्नात विहिणीशी भांडली तीसुद्धा वरणात हिंग नाही म्हणून.

मी काम उरकून आलो की ती मला खाटेजवळ बसवून आमच्या अहिराणीत विचारायची, "आज काय करं?" मग मी सांगायचं. नुसतं 'वांग्याची भाजी' म्हटलेलं तिला चालायचं नाही. वांगी कुठली, तेल किती, फोडणी कशी तडतडली, पहिला घास कसा लागला, सगळं हवं. डोळे मिटून ऐकायची आणि शेवटी खुसपट काढायची. "मीठ कमी पडनं व्हई." तेवढंच तिचं जेवण होतं, आणि ते भरवणं माझ्याकडे होतं.

डॉक्टर म्हणाले, अजून पाच-सहा महिने काही होत नाही. तरी मी जाणार नव्हतो. तिनेच धाडलं.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "आठे रोज तेच ते आयकी आयकी माले कटाया वना. तठे नवं काही खा. येवावर माले बठ्ठं सांगज्या. काही इसरू नका."

सोमवारी आम्ही बँकॉकला उतरलो. हॉटेल कापडबाजाराजवळ होतं. मागच्या बाजूला एक मोरी आणि दोन शेगड्या मला दिल्या. पहिला दिवस खिचडीत गेला. भाईदासशेठ डोकावून बोलून गेले, "हिलालभाई, मरचां ओछां नाखजो." जगाच्या त्या टोकाला जाऊन ह्या माणसांना मिरची कमी हवी होती. मीही तीच खिचडी खाऊन झोपलो.

मंगळवारपासून मात्र दुपारची भांडी झाली की मी बाहेर पडायचो. मंडळी मॉलमध्ये, मी रस्त्यावर. भाषा येत नव्हती, पण खाणाऱ्याला बोट पुरतं.

एक बाई फुटपाथवर मातीच्या उखळात हिरव्या पपईचा कीस ठेचत होती. मिरची, लसूण, लिंबू, ताडाचा गूळ, शेंगदाणे. मी म्हटलं हा तर आपला ठेचाच. मग तिने कसलं तरी माशांचं पाणी ओतलं आणि वास असा आला की मी दोन पावलं मागे सरलो. पण खाल्लं. तोंड पेटलं, डोळ्यांतून पाणी आलं, बाई हसायला लागली. दुसऱ्या कोपऱ्यावर निखाऱ्यावर केळी भाजत होते. पुढे एक मुसलमान म्हातारा मैद्याचा गोळा हवेत फिरवून पातळ करत होता, थेट आपण खापरावरच्या मांड्यांसाठी हातावर करतो तसा. आत केळं, वर घट्ट दूध आणि साखर. मालतीचे मांडे ह्याच्याहून पातळ व्हायचे, हे तिला सांगितल्यावर ती किती फुगेल ते मला तिथेच दिसलं.

एका गाडीवर तळलेले नाकतोडे होते. मी एक खाल्ला. फक्त तिच्यासाठी. पाय दातात अडकला, तो काढेपर्यंत हॉटेल आलं.

बाकीही पुष्कळ बघितलं. तापीपेक्षा गढूळ नदी, तिच्यात लांब शेपटीच्या नावा. एक आडवा पहुडलेला सोन्याचा बुद्ध, त्याचे तळवेच आमच्या खोलीपेक्षा उंच. प्रत्येक दुकानापुढे खांबावर जागेच्या देवाचं, बाहुलीचं असावं एवढं घर, त्यात भाताची वाटी आणि लाल सरबताची बाटली, वर नळीसुद्धा खोचलेली. पण मालतीला देवळांत गोडी नव्हती. मी खाण्याचंच घोकायचो, झोपण्याआधी, शाळेतल्या पोरासारखं. क्रमही लावला होता. आधी नाकतोडा, म्हणजे ती हसेल. मग पपई. शेवटी आंब्याचा भात.

तो शुक्रवारी खाल्ला. चिकट तांदूळ, नारळाच्या दाट दुधात मुरवलेला, किंचित मीठ, बाजूला पिवळाजर्द आंबा. पहिल्या घासाला मला रडू आलं, कारण हा भात इतका मऊ होता की वाटलं, कोण जाणे, हा तिच्या घशाखालीसुद्धा उतरला असता.

त्याच दिवशी हॉटेलातून सुरतेला आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे फोन लावला. गोपाल, माझा मुलगा, धावत आला असावा, त्याला धाप लागली होती.

"माय जपेल शे, आप्पा," तो म्हणाला. म्हणजे झोपली आहे.

"उठनी की सांग तिले, आज मी आंबाना भात खादा. बाकी येवावर सांगसू."

मला वाटलं लाइन गेली. मग तो म्हणाला, "हा आप्पा. सांगस."

दहा दिवस संपून बुधवारी दुपारी रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा आमच्या दाराबाहेर खाट धुऊन भिंतीला उभी केलेली दिसली. मी पिशवी खाली ठेवली. आत बायका बसल्या होत्या, कोपऱ्यात दिवा होता.

"कवय?" मी विचारलं. म्हणजे केव्हा.

गोपालने बायकोकडे बघितलं. सून गायत्रीने सांगितलं. मी बँकॉकला उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी पहाटे, झोपेतच गेली.

"तुमनं तिकीट बठ्ठास्नासंगे व्हतं, आप्पा," गोपाल कसाबसा म्हणाला. "येता येतं नही. तठे एकलाले कोन धरतं तुम्हले?"

कळवलं नाही म्हणून मी त्याला रागावलो नाही. मी मनात मागे मोजत होतो. पपई, केळी, नाकतोडा, आंब्याचा भात, सगळं मंगळवार दुपारनंतरचं. ती जिवंत असताना मी बँकॉकात फक्त माझीच खिचडी खाल्ली होती. बाकी सगळं मी सुतकात खाल्लं. शेजारच्या सरलाबाई म्हणाल्या, माहीत नसलेल्याला सुतक लागत नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला फक्त इतकंच वाटत होतं की आता हे कोणाला सांगू.

दुसऱ्या दिवशी दहावा. पहाटे तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, जाताना मला वाट सापडली. कावळा शिवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाईची एवढी मोठी इच्छा राहिलेली, कसा शिवेल? मी गोपालला बजावलं, "कोनी काही बोलानं नही. ती काय मांगस ते माले म्हाईत शे." लोक पिंडापुढे घर बांधू म्हणतात, नातवाचं लग्न करू म्हणतात. मी पिंडापुढे बसून नाकतोड्यापासून सुरुवात करणार होतो. लोक हसले तर हसू देत. खोटं कशाला बोलू, नऊ दिवसांच्या सुतकाच्या घरात त्या सकाळी मी एकटाच घाईत होतो.

पिंड मांडले. आम्ही मागे सरलो. मी हात जोडायला उचलले.

कावळा आला. हात जुळायच्या आत आला, मधल्या पिंडावर बसला आणि खायला लागला. इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही.

"भाग्यवान बाई," मागून कोणी म्हणालं. "काहीच मनमा ठेयं नही." गोपाल सुटल्यासारखा रडला. सगळ्यांचे चेहरे हलके झाले.

मला तिचा राग आला. एकतीस वर्षांच्या संसारात आला नव्हता एवढा आला. इतकी कसली घाई होती? मी सगळं पाठ करून आलो होतो. जरा थांबली असती, दोन मिनिटं. तिचं काही राहिलं नव्हतं, मग माझं एवढं का राहिलं? भात संपेपर्यंत मी त्या पक्ष्याकडे बघत उभा राहिलो आणि तो उडाल्यावरही तिथून हललो नाही.

परतताना रिक्षात गोपाल माझ्याजवळ सरकून बसला. मुंडण केलेलं डोकं उन्हात चमकत होतं. मला बरं वाटावं म्हणून, त्याने हळूच विचारलं, "आप्पा, तठे काय काय खादं तुम्हीन?"

मी बाहेर बघत राहिलो.

"काही नही," मी म्हणालो. "आठेसारखंच."