शीळ घालणारा मास्क

बायजाच्या अंगणात त्या रविवारी भर दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मुरुडच्या कोळीवाड्यातून टेम्पो भरून माणसं आली होती, आतल्या गावांतून बायका चालत आल्या होत्या, आणि कुंपणाशी एकाने भजीची कढईसुद्धा लावली होती. जिथे चमत्कार तिथे भजी, हे आपल्याकडचं जुनं शास्त्र आहे. पडवीत खाटेवर बायजाचा थोरला मुलगा येसाजी उताणा झोपला होता. नाकातोंडावर मास्क, मास्कला नळी, नळीचं दुसरं टोक उशाजवळच्या छोट्या मशीनला. आणि त्या मास्कमधून शीळ येत होती. बारीक, लांबट, मध्येच तुटणारी. ती आली की अख्खं अंगण हात जोडायचं.

खाटेच्या डोक्याशी दर्यानाथ महाराज उभे होते. निळी कफनी, गळ्यात कवड्यांची माळ, कॉलरला माइक.

"भक्तहो, आत्मा म्हणजे काय? वायू. मशीनमध्ये काय? वायू. वायू वायूला भेटला. परदेशातले शास्त्रज्ञ याला फ्रिक्वेन्सी म्हणतात. आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं."

ठाऊक होतं तर पूर्वजांनी निदान एक प्लग तरी शोधून ठेवायचा होता. मी मागे उभी राहून दात-ओठ खात होते. मी मुरुडमध्ये दवाखाना चालवते. येसाजीला हे मशीन मीच घ्यायला लावलं होतं, म्हणजे या चमत्काराची एक वीट रचायचं पुण्य माझंही होतंच.

येसाजी शाळेच्या पोरांची गाडी चालवतो. मागे एकदा चालवता चालवता त्याचा डोळा लागला आणि गाडी खाचरात उतरली. पोरं वाचली ती नशिबाने. मी त्याला झोपेच्या तपासणीला अलिबागला पाठवलं. झोपेत त्याचा घसा मिटायचा, श्वास थांबायचा, जीव घुसमटून मेंदू दचकून जागा व्हायचा, आणि हे रात्रभर चालायचं. असा माणूस दिवसा पेंगणार नाही तर काय करील? मशीन मास्कमधून हवेचा दाब देतं आणि घसा उघडा धरून ठेवतं. महिन्याभरात येसाजी माणसात आला. गाडी पुन्हा सुरू झाली, पोरांचे आईबाप निर्धास्त झाले.

मग दिवाळीनंतर सदा गेला. सदा बायजाचा धाकटा, बोटीवर खलाशी. बोट उलटली, बाकीचे हाती लागले, सदा लागला नाही. ज्या आईला मुलाचं शरीर मिळत नाही तिची वाट बघणं संपत नाही, हे आमच्या किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. बायजाने अन्न सोडलं. येसाजीने तिच्यासमोर शपथ घेतली, सदाचा पत्ता लागेपर्यंत मी दाढी करणार नाही.

दाढी वाढली आणि एके रात्री मास्कमधून शीळ आली. सदा घरी येताना बांधावरून शीळ घालत यायचा. बायजा अंथरुणातून उठून बसली ती सकाळपर्यंत मुलाच्या उशाशी बसून राहिली. ही बातमी दर्यानाथांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? गिधाडाला कुणी आमंत्रण धाडत नाही.

महाराजांनी मंतरलेलं खोबरेल दिलं. रोज रात्री येसाजीच्या तोंडाला चोळायचं, म्हणजे सदाला यायला वाट मोकळी होते. दाढीला कात्री लावायची नाही. आणि दर रविवारी दुपारी दरबार. ज्यांची माणसं दर्यात गेली ते सगळे येऊ लागले, सदाकडून आपल्या माणसाची खुशाली विचारू लागले. आता महाराजांना दृष्टांत झाला होता, की हे मशीन मठातच हवं. आज दरबार संपला की ते वाजतगाजत मठात जाणार होतं.

आदल्या दिवशी येसाजीची बायको क्रांती दवाखान्यात आली होती. "बाई, तो परत पेंगायला लागलाय. मी मास्कचे पट्टे इतके आवळते की गालावर वळ उठतात, तरी शीळ जात न्हाय. परवा पुलाच्या कठड्याला गाडी घासली. आत पोरं होती. आणि आता मशीनच नेतायत."

"तुझी सासू काय म्हणते?"

"त्यांना कसं सांगू? शीळ ऐकून त्या जेवायला लागल्यात."

म्हणून मी आले होते. एका बाजूला पोरांनी भरलेली गाडी, दुसऱ्या बाजूला एका म्हातारीचा घास.

महाराजांनी येसाजीच्या हनुवटीवर आशीर्वादाचा हात ठेवला. शीळ थांबली.

"सदा, आईच्या भेटीला आलास का? आला असशील तर खूण दे."

हात किंचित उचलला. शीळ आली. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या.

"तुला तिकडे त्रास आहे का?" हात पुन्हा दाबला. शांतता. "नाही म्हणतो. सुखात आहे. हे मशीन मठात न्यावं, अशी तुझी इच्छा आहे का?"

शीळ. भली लांब शीळ. मेलेल्या खलाशाला मठाची एवढी ओढ लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"आणि बघा, एवढ्या गलक्यात हा शांत झोपलाय," महाराज म्हणाले. "ही योगनिद्रा. उठेल तेव्हा डोळे लालबुंद असतील. तो आत्म्याचा तेजोस्पर्श."

मी माणसं बाजूला सारत पडवीत चढले. "महाराज, मला एक प्रश्न विचारायचाय सदाला."

डॉक्टरीणबाई शरण आल्या, या आनंदात त्यांनी जागा दिली. मी येसाजीच्या हनुवटीवर अंगठा ठेवला, मास्कची कड जिथे दाढीवर बसत नव्हती नेमकी तिथे, आणि दाबला. शीळ बंद.

"सदा, दर्यानाथ महाराज लबाड आहेत का?"

अंगठा उचलला. शीळ आली, चांगली खणखणीत.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज म्हणाले, "बाई, आत्म्याची थट्टा महागात पडेल."

"पडू दे." मी अंगठा पुन्हा दाबला. "सदा, महाराजांनी तुला कधी पाहिलंय का? नाही? बरोबर, अंगठा खाली आहे तोवर नाहीच म्हणणार तो." मी अंगणाकडे वळले. "कुणीही या आणि करून बघा. दाबलं की नाही, सोडलं की हो. हा सदा नाही, ही गळती आहे. मास्कची कड रबरासारखी मऊ असते, ती कातडीला चिकटून बसली तर हवा आत राहते. केसांवर ती बसत नाही, आणि तेलावरून घसरते. मग फटीतून हवा सुटते आणि शीळ वाजते. तीच हवा वर डोळ्यांत जाते, म्हणून डोळे लाल. आणि घशाला दाब पुरत नाही, म्हणून हा रात्रभर घुसमटतो आणि भरदुपारी शंभर माणसांत असा मेल्यासारखा झोपतो. ही योगनिद्रा असेल, तर पुलाच्या कठड्यावर गाडी घासली तीही योगनिद्राच. तुमचीच पोरं होती त्या गाडीत."

पुढे बसलेला एक बाप उठला, पडवीत आला, त्याने अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग तो महाराजांकडे नुसता बघत राहिला. महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला. फ्रिक्वेन्सी बदलली असावी. अंगण हळूहळू रिकामं झालं आणि माफी कुणीच मागितली नाही. भजीवाल्याने तेवढा विस्तव विझवला.

मी जिंकले होते. मग बायजाने विचारलं, "मंग माजा सदा?"

महाराजांची सगळी ताकद या एका प्रश्नात होती. मी म्हणाले, "आजी, ती हवा होती."

येसाजी जागा झाला होता. मास्क काढून तो उठून बसला, डोळे खरंच लाल. "आये, मला पयल्यापासून म्हाईत हुतं. हवाच हाय ती. पण तू जेवायला लागलीस."

"अरे, मग मला तरी सांगायचंस," मी चिडले. "गाडीत पोरं असतात तुझ्या."

त्याला रागावून काय उपयोग होता? आईला घास जावा म्हणून तो रोज रात्री स्वतःचा श्वास गहाण टाकत होता, आणि आई रोज रात्री स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडाला तेल चोळत होती, एका मुलाला बोलावण्यासाठी दुसऱ्याचा गळा आवळत होती. हे तिला आता कळत होतं. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ज्याने हे करायला लावलं तो मात्र गाडीत बसून सुखरूप गेला होता.

बायजा उठली, आत जाऊन साबण, वस्तरा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मुलापुढे ठेवला.

"दाढी उतरव," ती म्हणाली.

"आये, शपथ हाय."

"मी सोडली. सदा न्हाय येत आता." दिवाळीपासून हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. "तू तरी ऱ्हा मला."

येसाजीने दाढी केली. तोंड साबणाने धुऊन कोरडं केलं, मास्कची कड पुसली. मी त्याला आडवं केलं, मशीन चालू केलं, मास्क जरासा उचलून पुन्हा नीट टेकवला, आणि आवळलेले पट्टे उलट सैल केले, कारण फार आवळलं की मऊ कड चुरगळते आणि तिथूनच हवा सुटते. मग बायजाचा हात धरून तिचं बोट मी मास्कच्या कडेवरून फिरवलं, हवा कुठे सुटतेय का ते बघायला. कुठेच सुटत नव्हती. पडवीत आवाज नव्हता. त्या शांततेत म्हातारी रडली, मेलेल्या मुलासाठी, पहिल्यांदा.

आता ती रोज रात्री असंच बोट फिरवते. येसाजी धड आहे, गाडी धड चालते. माझ्याशी मात्र बायजा बोलत नाही आणि तिने बोलावं असंही काही नाही. दर्यानाथ, असं ऐकते, खाडीपलीकडे एका घरात टीव्हीच्या खरखरीतून कुणाच्या तरी मेलेल्या बापाला बोलावतायत. तिथेही भजीची कढई लागली असेल.

तुम्ही तिथे गेलात तर हात जोडण्याआधी एवढंच करा. आवाज कुठून येतो ते बघा, आणि तिथे बोट ठेवा. शेजारच्या घरात कुणी मेलं असेल, तर त्या आईजवळ जाऊन बसा, तिला जेवायला घाला. ते काम आपण केलं नाही, म्हणून ते बुवाने केलं.